सोनगीरचं पाणी

आता सगळं नीट पार पडलंय, म्हणून हे मी हसत लिहू शकते. ज्या दिवसांत हे घडत होतं तेव्हा कोणी मला म्हणालं असतं की यात गंमत आहे, तर मी हातातलं लाटणं फेकून मारलं असतं.

आमचं घर धुळ्यात, देवपूरला. सासऱ्यांना आम्ही सगळे अब्बा म्हणतो. अब्बांनी आयुष्यभर धुळे-शिरपूर रस्त्यावर काळीपिवळी जीप चालवली. पुढच्या सीटवर बसतील तेवढी माणसं, मागे किती ते अल्लालाच ठाऊक, आणि टपावर कोंबड्यांची डालगी. माणूस शांत, कधी कोणाशी तंटा नाही, कधी कोणाला अर्ध्या वाटेत उतरवलं नाही. फक्त सोनगीर आलं की अब्बा बदलायचे.

सोनगीर महामार्गावरच आहे. लांबूनच किल्ला दिसायला लागतो. पडके बुरूज, तुटकी तटबंदी, वर जुनी विहीर. फाट्यावर माणसं उतरायची, चढायची, पण अब्बा गाडीचं इंजिन बंद करायचे नाहीत. स्वतः खाली पाय ठेवायचे नाहीत. टपरीचा चहा नाही, पाण्याचा घोट नाही. तोंडात सुपारी असली तर ती आधीच थुंकून टाकायचे. मान खाली, ओठ हलते, आणि गाव मागं पडेपर्यंत गाडी सुसाट. धुळ्या-शिरपूरच्या बाकीच्या ड्रायव्हर लोकांना हे माहीत होतं आणि ते यावरून अब्बांची यथेच्छ टर उडवायचे.

लग्न होऊन मी जळगावहून आले तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. पहिल्यांदाच सगळे मिळून शिरपूरला नात्यात चाललो होतो. मी पुढच्या सीटवर, मांडीवर माहेरच्या केळ्याच्या वेफर्सची पिशवी. सोनगीर जवळ आलं आणि अब्बा हळूच म्हणाले, "बेटा, ते आत ठेव. हे गाव मागं पडू दे." मला वाटलं, यांना वासानं मळमळतं. मी पिशवी आत ठेवली. नव्या सुनेचं तोंड बंद ठेवायला याहून चांगली जागा सापडली नसती, असं आमचे हे नंतर म्हणाले. आमच्या ह्यांना विनोद कधी करावा हे तेव्हाही कळत नव्हतं, आताही कळत नाही.

कारण मग आमच्या ह्यांनीच सांगितलं. कुरआनात ठिकठिकाणी आधी होऊन गेलेल्या लोकांचा उल्लेख येतो. आद नावाचे लोक होते, उंचेपुरे, ताकदीचा गर्व झालेले. त्यांच्यावर वारा सुटला आणि माणसं पोकळ खोडांसारखी आडवी झाली. समूद होते, डोंगर कोरून घरं करणारे; एका किंकाळीत संपले. नूहच्या लोकांवर पूर आला. पैगंबर साहेब एकदा त्या समूदच्या ओसाड घरांजवळून निघाले होते. तेव्हा त्यांनी डोकं झाकून घेतलं, वाहनाचा वेग वाढवला आणि बरोबरच्या लोकांना सांगितलं की इथं आत शिरायचं तर रडतच शिरा, आणि इथल्या विहिरींचं पाणी पिऊ नका. ज्यांनी त्या पाण्यात कणीक मळली होती त्यांना ती उंटांना घालायला लावली. ही हकिकत हदीसमध्ये, म्हणजे पैगंबर साहेबांच्या वचनांत आणि आठवणींत, आहे आणि आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असते.

आता ही जागा आहे अरबस्तानात, वाळवंटात. ती उचलून धुळे जिल्ह्यात आणून ठेवण्याचं काम अब्बांच्या वडिलांनी केलं. ते टांगा हाकायचे. त्यांनी सोनगीरचा किल्ला बघितला, वरची विहीर बघितली, आणि ठरवून टाकलं की इथंही तसंच काहीतरी झालेलं असणार. कुरआनात एके ठिकाणी ओस पडलेल्या विहिरी आणि उंच वाडे यांचा उल्लेख येतो. विहीर आहे, उंच बांधकाम आहे, माणूस नाही. झालं तर मग. टांग्याचा घोडासुद्धा सोनगीरला पाणी प्यायचा नाही, असं अब्बा अभिमानानं सांगायचे. घोड्याला कोणी विचारलं होतं, असं माझ्या ओठावर यायचं. पण मी गिळून टाकायची.

बरं, अब्बा अडाणी म्हणाल तर तसंही नाही. रोज पहाटे कुरआन वाचणार, उर्दू अर्थ वाचणार, समजलं नाही तर मौलानांना विचारणार. एवढी एकच गोष्ट त्यांनी कोणाला विचारली नाही, कारण ती वडिलांकडून आलेली. वडिलांकडून आलेलं घड्याळ माणूस दुरुस्तीला टाकतो, पण वडिलांकडून आलेली समजूत कोणी दुकानात नेत नाही.

माझी मुलगी अब्बांच्याच मांडीवर वाढली. मी शाळेत शिकवायला जायची, आमचे हे दुकानावर, आणि अब्बांनी तोवर गाडी चालवणं कमी केलं होतं. बाकीच्या मुलींना चिमणी-कावळ्याच्या गोष्टी, आमच्या पोरीला आद आणि समूद. अस्रची, म्हणजे उतरत्या उन्हाची नमाज झाली की दोघं ओट्यावर बसत. आजोबांना ती दादा म्हणते. ती विचारायची, "दादा, त्यांच्या मांजरी पण मेल्या का?" अब्बा प्रामाणिकपणे सांगायचे की मांजरींचं काही लिहिलेलं नाही. मग दोघं मांजरींची काळजी करत बसायचे.

मी मराठी शाळेत शिकलेली. उर्दू माझं अडखळत चालतं, त्यामुळे मी अर्थ मराठीत वाचते. वाचताना मला एक गोष्ट नेहमी जाणवायची. हे लोक का संपले याची कारणं मोठी अद्भुत नाहीत. मदयनचे लोक मापात मारायचे. कोणी दुबळ्याला लुबाडायचे, कोणी वाटसरूला लुटायचे, आणि समजवायला आलेल्या माणसाला वेडा ठरवायचे. मी एकदा अब्बांना म्हटलं, मापात मारण्यावरून गावं बुडत असतील तर आपल्या भाजीबाजाराची वेळ भरत आली म्हणायची. अब्बांना ते आवडलं नाही. पण दुसऱ्या दिवशी वांगी घेताना त्यांनी तराजूचा काटा वाकून बघितला, हे मी पाहिलं.

ते माझ्या माहेरावरूनही चिडवायचे. सबाच्या लोकांच्या डाव्या हाताला बागा, उजव्या हाताला बागा होत्या. आभार मानायचं विसरले आणि बांध फुटून सगळं वाहून गेलं. "तुमच्या जळगावला पण रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळीच केळी," अब्बा म्हणायचे, "जपून राहायला सांग भावांना." मी म्हणायची, मग आमच्याकडचं पाणी कसं चालतं तुम्हाला? त्यावर त्यांचं उत्तर तयार असायचं. "तुमचा बांध अजून फुटलेला नाही."

अशी सगळी हसत-खेळत चाललेली गोष्ट होती. आणि मग पोरीला सोनगीरचं स्थळ आलं.

आलं म्हणजे तिनंच आणलं. देवपूरच्या कॉलेजात दोघं बरोबर औषधशास्त्र शिकले. मुलगा आता धुळ्यात एका मेडिकल दुकानात कामाला, रोज सोनगीरहून ये-जा करणारा. गावात त्यांचं बांगड्यांचं दुकान, दाराशी बकऱ्या, घरात आजोबा. मी मुलगा बघितला. बोलायला मऊ, डोळ्याला डोळा देणारा. आमच्या ह्यांनी चौकशी केली, कुठून वाकडा शब्द आला नाही. मला तर हायसं वाटलं होतं, की पोरीनं डोकं ठिकाणावर ठेवून निवडलंय.

अब्बांना सांगितलं तेव्हा ते दाढी कुरवाळत सगळं ऐकत होते. मुलाचं शिक्षण ऐकलं, मान हलवली. घराणं ऐकलं, मान हलवली. गाव ऐकलं आणि हात दाढीतच थांबला.

"सोनगीर?" ते म्हणाले. मग उठून आत गेले.

मला आधी वाटलं, म्हाताऱ्या माणसाचं काय, चार दिवसांत निवळेल. नाही निवळलं. ते चिडले नाहीत, ओरडले नाहीत. ओरडले असते तर मी भांडले असते. ते फक्त उदास झाले. ओट्यावर बसेनात. पोरगी समोर आली की नजर चुकवायचे. एकदा मला म्हणाले, "मी ज्या गावात पाणी प्यायलो नाही, तिथं माझी पोर जन्मभर पाणी पिणार. तिच्या लेकरांना तेच पाणी." त्या वेळी मला पहिल्यांदा कळलं की हा हट्ट नाही, भीती आहे. आणि भीतीला कसं समजवायचं ते मला येत नव्हतं.

पोरीनं आपल्या परीनं प्रयत्न केला. ती त्यांचीच शिष्या. तिनं हदीसच पुढं केली. पैगंबर साहेबांनी सगळ्या विहिरी बंद केल्या नव्हत्या, ज्या विहिरीवर समूदला समजवायला आलेल्या सालेह पैगंबरांची उंटीण पाणी प्यायची ती चालेल असं सांगितलं होतं. म्हणजे वाईट गावातसुद्धा एक विहीर चांगली असू शकते. अब्बा म्हणाले, "सोनगीरला उंटीण कुठली आलीय?" मग ती कुरआन घेऊन बसली. ओस विहिरी आणि उंच वाडे ज्या ओळीत येतात, तिच्या पुढची ओळ तिनं वाचून दाखवली. तिथं म्हटलंय की लोक फिरत का नाहीत, म्हणजे त्यांच्या मनांना समजेल. आंधळे होतात ते डोळे नव्हेत, छातीतली मनं आंधळी होतात. अब्बांचा चेहरा एकदम पडला. "मी आंधळा आहे का?" त्यांनी विचारलं. पोरीला रडूच फुटलं. तिला तसं म्हणायचं नव्हतं. पण बाण सुटला तो सुटला.

त्या रात्री मी भरलेली ताटंच उचलून ठेवली. पोरगी मला म्हणाली, "अम्मी, दादांनी नाही म्हटलं तर मी नाही करणार. मनापासून नाही म्हणेन, रडून नाही. पण त्यांना दुखवून मी तिथं सुखानं जेवू शकणार नाही." मी तिला पुष्कळ समजावलं. खरं सांगायचं तर मला अब्बांचा रागही येत होता आणि पोरीचाही. दोघं एकाच मातीचे, दोघंही ऐकणारे नाहीत, आणि दोघांच्या मध्ये माझा भरडा.

शेवटी आमच्या ह्यांनीच मार्ग काढला, आणि मी ते मान्य करते कारण असं वर्षाकाठी एखाद्या वेळीच होतं. ते अब्बांना म्हणाले, "घर बघायला चला. बघून नाही म्हणा. न बघता नाही म्हणू नका." अब्बांनी विचार केला आणि म्हणाले, "येईन. बसेन. पाणी पिणार नाही."

आमच्यात मुलाचं घर बघायला गेल्यावर मुलीकडच्या वडीलधाऱ्या माणसानं तिथलं पाणी घेतलं, गोड तोंडात टाकलं, की समजायचं बोलणी पुढं जाणार. पाण्याचा पेला तसाच परत गेला, की उठायचं. कोणी काही बोलत नाही, त्याची गरजही पडत नाही. म्हणजे अब्बा येणार होते ते नाही म्हणायलाच. हे घरात सगळ्यांना कळलं होतं, आणि पोरीलाही. तिला रीतीप्रमाणे घरीच थांबायचं होतं. आम्ही निघालो तेव्हा ती दाराशी उभी होती आणि अब्बांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण तिच्याकडे बघितलं नाही.

अब्बांनी घरून पाण्याची बाटली घेतली होती. शर्टाच्या आत लपवली असती तरी मी माफ केलं असतं. त्यांनी ती हातात धरली होती, सगळ्यांना दिसेल अशी. खोटेपणा त्यांना जमतच नाही.

सोनगीरला त्यांचं घर तांबटांच्या आळीला लागून. गल्लीत शिरताना मी मनातल्या मनात अल्लाला एवढंच म्हणत होते की निदान अपमान होऊ नये. मुलाचे आजोबा दारातच उभे होते. गावात त्यांना सगळे नाना म्हणतात. वाकलेले, पण आवाज खणखणीत. घरात उर्दू, गावात अहिराणी, आणि रंगात आले की फक्त अहिराणी.

"या, या. बठ्ठा जन बसा. ऊन भलतं शे," नाना म्हणाले. मग त्यांनी अब्बांना निरखून बघितलं. "तुम्ही ते काळीपिवळीवाला नही का?"

अब्बा म्हणाले, हो.

"तुम्हनामुये मनी गाडी कितला येळा चुकनी! मी पाय ठेऊ का नही, तुम्ही गाडी काढी लेत."

आमचे हे छताकडे बघायला लागले. मुलाची आई पितळेच्या चकचकीत पेल्यांत पाणी घेऊन आली, आणि पहिला पेला रीतीप्रमाणे अब्बांसमोर धरला.

अब्बांनी पेल्याकडे बघितलं. मग बाटली समोर उभी ठेवली आणि सरळ सांगितलं, "मनं पानी मी संगे लयेल शे." इतक्या वर्षांच्या प्रवाशांमुळे अहिराणी त्यांच्याही तोंडात बसलेली.

मुलाच्या आईचा हात तसाच पुढं राहिला. मला जमीन पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"काबर?" नानांनी विचारलं. "आम्हना पानीमा काय शे?"

"पानीमा काही नही," अब्बा म्हणाले. आणि मग त्यांनी काही न झाकता सगळं सांगून टाकलं. वडिलांचा टांगा, किल्ला, विहीर, समूदचे लोक, न प्यायलेलं पाणी. "आठे काहीतरी व्हयेल शे," ते म्हणाले. "अजाब येल शे." इथं अल्लाचा कोप झालाय, असं त्यांचं म्हणणं.

मी नानांकडे बघायचं टाळत होते. आता हा माणूस उठून दार दाखवणार, आणि त्याचं काही चुकणार नाही, असं मी धरून चालले होते.

नाना उठले खरे. आत गेले आणि खुंटीवरची पिशवी काढून घेऊन आले. तिच्यातून त्यांनी एक प्लॅस्टिकची बाटली काढली, घासून घासून पांढरट पडलेली, आणि अब्बांच्या बाटलीशेजारी ठेवली.

"मी धुये जास तवय हाई बाटली लई जास," ते म्हणाले. "धुयानं पानी मी आजपावत पेल नही."

धुळ्याचं पाणी न पिणाऱ्या या माणसाला "काबर" विचारायची पाळी आता अब्बांची होती.

"पांझरा भरी उनी व्हती, आर्धं शहर बुडनं. नूहना कौमवर उना तसा पूर. मना बाप सांगे, त्या गावनं पानी पेवानं नही."

फार पूर्वी कधीतरी पांझरेचा पूर शहरात शिरला होता, हे आम्हीही ऐकलेलं. पण त्यावरून आपलं अख्खं धुळं कोणाच्या तरी हिशेबात नूहच्या लोकांबरोबर बुडालेलं आहे, हे मला पहिल्यांदाच समजत होतं. कोपऱ्यात उभा असलेला मुलगा चाचरत म्हणाला, "मी पण कॉलेजला घरूनच पाणी न्यायचो. नानांची शपथ होती." माझी मुलगी मला कौतुकानं सांगायची की हा मुलगा स्वच्छतेचा किती पक्का आहे, बाहेरचं पाणी पीत नाही. मी ओढणीचं टोक तोंडात धरलं, नाहीतर हसू बाहेर सांडलं असतं.

आणि मग दोन्ही म्हातारे जुंपले. अब्बांचं म्हणणं, पांझरा ही नदी आहे, नदीला पूर येतो, त्यात अजाब कुठला? नानांचं म्हणणं, किल्ला हा किल्ला आहे, तो पडतो, त्यात तरी अजाब कुठला? अब्बा म्हणाले, वर विहीर ओस पडलीय. नाना म्हणाले, तिच्याजवळ माझ्या बकऱ्या रोज चरतात, ओस कसली? अब्बा म्हणाले, तिथं राहणारे कुठं गेले मग? नाना म्हणाले, "राजे गयात. आम्ही त आठेच शेतस." दोघांनाही असा तोडीचा माणूस बऱ्याच वर्षांत भेटला नसावा. नानांनी लोड पुढं ओढला, अब्बांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. पोरीचं लग्न, पेला, आम्ही, सगळे विसरले. मुलाच्या आईनं पेला हळूच खाली ठेवला आणि माझ्याजवळ येऊन बसली. तिच्या डोळ्यांत हसू होतं. मला एवढं सुटल्यासारखं वाटलं की मी तिचा हातच धरला.

पण गोष्ट अजून मिटली नव्हती. राजे गेले, आम्ही तर इथंच आहोत, हे नानांचं वाक्य अब्बांच्या मनात रुतलं होतं. मी त्यांना ओळखते, ते असे सहज हरत नाहीत. ते आत कुठेतरी शोधत होते. मग त्यांनी हलक्या आवाजात अरबीतली एक आयत म्हटली. कुरआनातल्या एका अध्यायाची शेवटची ओळ. तिचा अर्थ त्यांनीच सांगितला. आधी किती लोक संपवले याचा उल्लेख करून तिथं विचारलंय, की त्यांच्यातला कोणी आता तुला जाणवतो का? त्यांची कुजबुज तरी ऐकू येते का?

"मी हे किती वेळा वाचलं," अब्बा म्हणाले. मग ते थांबले आणि कान देऊन बसले.

आळीत तांबटांचे हातोडे चालू होते, ठक ठक ठक ठक. परसात बकरी ओरडत होती आणि तिच्यावर कोणीतरी बाई ओरडत होती. आत कुकरची शिट्टी झाली. शेजारची पोरं भिंतीवर चेंडू आपटत होती आणि बाद की नाबाद यावरून मारामारीवर आली होती. पुढच्या दुकानात गिऱ्हाईक बांगड्या चढवून घेत होतं आणि दुखतंय म्हणून कुरकुरत होतं. लांब महामार्गावर कोणीतरी हॉर्नवर हात ठेवून बसला होता.

"हे संपलेलं गाव नाही," अब्बा म्हणाले. हे ते मराठीत म्हणाले, का ते मला माहीत नाही. "ज्याच्यावर अजाब आला, तिथं पाणी पुढं करायला कोणी राहत नाही. मी काय धरून बसलो होतो एवढी वर्षं?"

नाना लगेच म्हणाले, "मी भी," आणि आपली पांढरट बाटली उचलून मागं टाकली.

अब्बांनी खाली ठेवलेला पेला उचलला, बिस्मिल्ला म्हटलं आणि बसून, सावकाश, सगळं पाणी प्यायले. पेला रिकामा करून तो मुलाच्या आईकडे दिला आणि म्हणाले, "अजून दे बेटा." ती उठली तेव्हा तिचे डोळे भरले होते. माझेही. आमचे हे उगाच चष्मा पुसत होते. नानांनी पेढ्याचा डबा उघडला आणि जाहीर केलं, "आते मी धुये येसू. पानी पेसू." त्यावर अब्बा म्हणाले की देवपूरचं पाणी सोनगीरपेक्षा गोड आहे, आणि दोघं पुन्हा जुंपले.

त्या गडबडीत अब्बांनी खिशातून फोन काढला आणि कोणाला तरी लावला. मी पाहिलं, पण लक्ष दिलं नाही, कारण मुलाच्या आईनं माझ्या तोंडात पेढा कोंबला होता. अब्बा काहीच बोलले नाहीत. त्यांनी फक्त हात लांब करून फोन खिडकीत धरला, बराच वेळ, आणि मग तो खिशात टाकून नानांना उत्तर द्यायला वळले.

लगेच माझा फोन वाजला. पोरगी होती. आवाज पार घाबरलेला.

"अम्मी, दादांनी फोन केला पण बोललेच नाहीत. नुसता गलका येत होता. काहीतरी ठोकत होते, कोणीतरी ओरडत होतं. भांडण झालं का तिथं?"

"भांडण नाही गं," मी म्हटलं. "तुझं सासर होतं ते."